थावरामामाची पूड

१४ नोव्हेंबर २००५

पाय नाहीत, लाकडं झालीत नुसती! काल दिवसभर कापूस वेचला, आज पहाटे वारंगा फाट्यापर्यंत पळत गेले आणि परतताना रस्त्याच्या कडेला जी बसले ती उठताच येईना. ज्योती पुढे निघून गेली होती. वळून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणते, "काहून बसलीस शिले? येष्टीची वाट बघून राहिली का?" मेली! तिला बोलायला काय जातं. तिचे बाबा बाळापूरला शाळेत शिपाई, घरी शेत नाही. ती पळते, घरी जाते, अंडं खाते, झोपते. मी पळते आणि मग बापूच्या मागे वावरात जाते.

पण सोडायचं नाही. बापूनं साफ सांगितलंय — उन्हाळ्यातल्या पोलीस भरतीत निघालीस तर नोकरी कर, नाही निघालीस तर त्याच उन्हाळ्यात लग्न. मुलगा बघून ठेवलाय. सेनगावकडचा, जीप चालवतो. एकदा पाहिलंय त्याला. जीप बरी आहे.

१७ नोव्हेंबर

थावरामामानं आज माझी पोटरी दाबून बघितली. बाजारात बैल बघतात तशी! मामा म्हणजे याडीचा, माझ्या आईचा थोरला भाऊ. मामी गेली, मूलबाळ नाही, तेव्हापासून आमच्याच तांड्यावर, आमच्या भिंतीला लागून त्याची खोली. मला याडीपेक्षा तोच जास्त ओळखतो.

आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, तिला लदेणी म्हणतात. मामानं ती कधी बघितली नाही, पण सांगतो अशी की जसा स्वतःच चालत होता. म्हणाला, "माह्या आज्याच्या लदेणीत बैल असा बसला ना, तर त्याला कुनी मारायचं न्हाई. आस्कंद उकडून चारायचे. दोन रोजात उभा!"

मी म्हटलं, "मी काय बैल आहे?"

"बैलाला इतकं कोन राबवतं?"

बापू तिथंच बसला होता. त्यानं बिडी पेटवली.

२१ नोव्हेंबर

मामानं माळावरून आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, खणून आणला. मुळ्या धुतल्या, दुधात उकडल्या, सावलीत पसरल्या. उन्हात वाळवल्या तर त्यांतला जीव जातो म्हणे. संगं शतावरी पण आहे. याडी चिडलीय — घरात चहाला दूध नाही आणि मुळ्यांना दूध! वास असा की घरात घोडा बांधलाय.

२६ नोव्हेंबर

पूड सुरू. सकाळी एक चमचा, पळून आल्यावर एक, गुळाबरोबर. ज्योतीला चिमूटभर दिली, तिनं तिथंच थुंकली. "हे खाऊन भरती होन्यापरीस मी घरी बसते माय." बरंय. मला जास्त राहील.

१२ डिसेंबर

झोप छान लागते. एवढंच. पाय तसेच दुखतात.

ज्योतीनं पेपरातलं वाचून दाखवलं — पळणाऱ्या-खेळणाऱ्यांच्या अंगावरचा ताण आस्कंदानं उतरतो, शहरात डब्यात भरून विकतात. मी मामाला सांगितलं. इतका खूश झाला! "बराबर हाय! पेपरवाल्याला कसं कळलं?" मग माझ्या पायांकडं बघून म्हणाला, "मंग तुला गुन काहून येऊन न्हाई राहिला?" मी म्हटलं, येतोय हळूहळू. खोटंच बोलले. त्याचं तोंड बघवेना.

२३ डिसेंबर

हिंगोलीला कॉलेजांच्या शर्यती होत्या. मी कितवी आले ते लिहीत नाही. माझ्या मागे ज्या होत्या त्या चालत आल्या, एवढंच. आदल्या दिवसापर्यंत वेचणी चालली होती, अंग ठणकत होतं, तरी गेले.

घरी आल्यावर बापू म्हणाला, "जमत नसंल तर सांग. पाव्हन्याला शब्द देऊन टाकतो." रागानं नाही, साध्या आवाजात. त्याचंच जास्त लागलं. मामाच्या खोलीत जाऊन रडले, ओक्साबोक्शी. आणि रडता रडता म्हणाले, "तुझ्या मुळ्या बैलालाच चार!" असं बोलायला नको होतं. मामा डोक्याला हात लावून बसून राहिला.

३० डिसेंबर

मामानं नवी पूड दिली. कडू जहर! म्हणतो, दुसऱ्या माळावरचा आस्कंद आहे, जुना, खोल गेलेला. म्हणून कडू.

४ जानेवारी २००६

काय झालंय मला!! सकाळी उठले तर पाय माझे नव्हतेच, दुसऱ्याच कुणाचे तरी. कुठं दुखत नाही, कुठं ओढत नाही. फाट्यावरून परत आले आणि वाटलं अजून एकदा जाऊन यावं. गेलेही! टपरीवाला चहा गाळता गाळता बघत राहिला.

११ जानेवारी

ज्योतीला मागे टाकलं. वळून बघितलं तर रस्त्यावर दिसेचना. थांबले, कमरेवर हात ठेवून. ती आली धापा टाकत. म्हटलं, "येष्टी चुकली का गं?" शिवी दिली तिनं. पण हसली.

२९ जानेवारी

पहिली आले! हिंगोलीच्याच मैदानावर, त्याच मुली, आणि मी पहिली!

मामा बसनं आला होता, लाल फेटा बांधून. शेवटच्या फेरीला दोरीच्या बाहेरून माझ्याबरोबर धावत सुटला, आमच्या बोलीत ओरडत. सगळं मैदान हसत होतं. मीही पळता पळता हसले. घरी येताना बसमध्ये त्यानं कंडक्टरला सांगितलं, पुढच्या सीटवरच्या म्हातारीला सांगितलं, ड्रायव्हरला सांगायला उठला तर मी धरून बसवला.

भूक तर अशी लागते की विचारू नका. याडी भाकरी थापून दमते. मामा समोर बसून मी खाताना बघतो. त्याचंच पोट भरतं जणू.

१७ फेब्रुवारी

तोंड गोल झालंय. आरशात दुसरीच पोरगी दिसते. हातपाय बारीक आणि कुडता पोटावर घट्ट. इतकी पळते आणि पोट सुटतंय, हे काय?

हापशीवर रूपाबाई भेटली, तांड्याच्या नाईकाची बायको. सगळ्या बायांसमोर म्हणाली, "शिलाचं तोंड काय भरलं गं! पहिलटकरनीवानी." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "तुमी पण पळून बघा काकू." मग कुणी हसलं नाही.

२ मार्च

पाळी आलेली नाही. फेब्रुवारीतही नव्हती. ज्योती म्हणते, जास्त पळणाऱ्या पोरींचं होतं असं. असेल. काही केलंच नाही तर भ्यायचं कशाला? तरी रोज तारीख बघते. दोरीवर कपडे वाळत घालताना याडी बघत असते. माझ्या कपड्यांत काय आहे नि काय नाही ते मोजते, असं वाटतं.

१५ मार्च. धुळवड.

काहीही झालं तरी लिहिणार.

लेंगी चालली होती नाईकाच्या दारात. आमच्यात होळीला बाया-बाप्ये गाण्यांतून एकमेकांची थट्टा करतात, कुणी वाईट वाटून घ्यायचं नसतं. रूपाबाईनं माझं नाव घातलं गाण्यात. पहाटे सडकेवर कुणाला भेटायला पळते गं शिला, असं. बाया खिदळल्या. बापू तिथंच होता. उठला आणि मला दंडाला धरून घरी आणलं, दार लावलं.

याडी म्हणाली, "कोनाचं हाय?"

मला आधी कळलंच नाही. खरंच नाही कळलं! कळेपर्यंत बापूनं माझाच पळायचा बूट उचलला नि त्यानंच मारलं. पाठीवर, दंडावर. मामा दार ढकलून मधे पडला, त्यालाही बसले. ओरडत होता, "माह्या पोरीनं काय केलं न्हाई! काय केलं न्हाई तिनं!"

बापू म्हणाला, "तुला काय ठाव?"

मामानं मान खाली घातली.

१६ मार्च

बूट चुलीत घातले. कॉलेज बंद, पळणं बंद. सेनगावला निरोप जाणार — पोट दिसायच्या आत उरकून टाकायचं. पोट! काय आहे माझ्या पोटात? भाकरी!

१९ मार्च

मीच याडीच्या पाया पडले. म्हटलं, एकदा तपासून घे, मग काय करायचं ते करा. बापूला न सांगता ती मला हिंगोलीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. ज्योती बाळापूरहून परस्पर आली.

तपासलं. काही नाही. काहीच नाही! याडी तिथं फरशीवरच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला राग आला.

डॉक्टरीणबाईंनी मला जाऊ दिलं नाही. गाल दाबून बघितला, पोटावरचे लाल चट्टे बघितले. "कसल्या गोळ्या खातेस?" म्हटलं, गोळ्या नाहीत, झाडाच्या मुळ्या आहेत. त्या म्हणाल्या, "मुळ्यांनी असं तोंड होत नाही. काय खातेस ते घेऊन ये."

घरी आले आणि तडक मामाच्या खोलीत. विचारायचीही गरज पडली नाही. त्यानं स्वतःच फळीवरचा डबा काढून पुढं ठेवला. पानंच्या पानं गोळ्यांची. बारीक, पांढऱ्या. फाट्यावरच्या मेडिकलमधून आणतो, गुडघ्यांसाठी. मामी गेली तेव्हापासून रोज खातो. म्हणाला, "ह्याच्यावरच चालून राहिलो मी. मुळीनं तुला गुन येईना. तू रडलीस. मला वाटलं, मला चालवती तर माह्या लेकराला पळवंल."

कुटून घालायचा पुडीत! आणि मी रोज दोन चमचे चाटत होते गुळाबरोबर!

काय काय बोलले मी त्याला. तांड्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हटलं, रूपाबाईपेक्षा तूच वैरी म्हटलं. तो ऐकत होता. शेवटी म्हटलं, जाळ हे सगळं. आत्ता. माझ्यासमोर. तुझ्याही! एक पान डॉक्टरीणबाईंना दाखवायला ठेवून घेतलं, बाकी सगळं त्यानं चुलीत टाकलं. तेवढ्यानंही माझं समाधान होईना. म्हटलं, आण घे. त्यानं लगेच हात वर केला — आमच्या देवाची, सेवाभायाची आण, पुन्हा गोळीला शिवणार नाही. आणि भिंतीला धरून धरून उठला.

२१ मार्च

पान दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. मग समजावून सांगितलं. अंगावर ताण आला — पळणं असो, ताप असो, ऊन असो — की शरीर आपलं आपण एक रस तयार करतं, तो सांभाळतो. या गोळीत तोच असतो. बाहेरून रोज मिळायला लागला की शरीर बनवायचं सोडून देतं, आयतं मिळतंय तर कशाला करा म्हणून. "म्हणून एकदम बंद करायची नाही हं! थोडी थोडी कमी करायची. एकदम सोडलीस आणि अंगावर ताण आला तर कोसळशील." चिठ्ठीवर लिहून दिलं कधी किती घ्यायची ते.

मग विचारलं, कुणी दिल्या? मी म्हटलं, मेडिकलवाल्यानं. ज्योतीनं माझ्याकडं बघितलं. मी तिचा पाय दाबला. मामावर राग आहे, पण त्याचं नाव सरकारी दवाखान्यात कशाला? पोलीस-बिलीस मागे लागले तर म्हातारा भीतीनंच मरेल.

२५ मार्च

बापूनं बाळापूरच्या बाजारातून नवे बूट आणले. हातात दिले नाहीत. चुलीजवळ ठेवले आणि वावरात निघून गेला. याडी म्हणाली, "घाल की. बघून राहिला तिकडून." खरंच बांधावर उभा राहून बघत होता. एक नंबर मोठे आहेत. मोजे दोन घालीन.

२ एप्रिल

पळायला लागले. वेग गेलाय. पाय पुन्हा माझेच झालेत, दुखरे. पण चालेल, माझे तर आहेत! रोजची गोळी चिठ्ठीप्रमाणं, कमी कमी होत चाललीय.

मामा बाहेर येत नाही. रुसलाय. रुसू दे! मी पण बोललेली नाही.

७ एप्रिल

याडी म्हणाली, मामा जेवत नाही, पोटात ठरत नाही त्याच्या. गेले बघायला. खाटेवर पडला होता. गुडघे सुजून घागरीएवढे. इतका वाळलाय! म्हणाला, "अंगात जीवच न्हाई गं. उठलो की डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली."

मी म्हटलं, "आस्कंद उकडून देऊ का? दोन रोजात उभा राहशील."

हसला. मीही हसले. मग पाय दाबत बसले त्याचे. गोळ्यांचं कुणी काढलं नाही. उगाच इतके दिवस अबोला धरला मी. मामाशी अबोला धरून मला काय मिळालं?

१० एप्रिल

ऊन नुसतं भाजून काढतंय. मामा सकाळी खाट दारात ओढून बसला होता, मला पळताना बघायला. हातानं खुणा करत होता — जोरात, जोरात! दुपारी उठायला गेला तो पडला. ओकला. बापूनं उचलून आत नेला. अंग गार लागत होतं, इतक्या उन्हात!

याडीचा जीव कासावीस झाला. म्हणाली, "भाया, गुडघ्याची एक गोळी घे. आजच्या दिस घे. फाट्यावरून आनवते."

मामानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "आन घेतली मी पोरीपुढं."

मला बरं वाटलं. शब्दाचा पक्का आहे म्हातारा.

१२ एप्रिल

मामा गेला.

जीपमधून हिंगोलीला नेत होतो. फाटाही आला नव्हता. डोकं माझ्या मांडीवर. ऊन लागलं, सगळे म्हणतात. या वर्षी ऊन फार आहे.

१५ एप्रिल

फळीवर पुडीचा डबा आहे. जुनी पूड, पहिली, मुळ्यांची. घोड्याचा वास येतो. झाकण लावून ठेवलं.

२२ एप्रिल

भरती झाली. तीन किलोमीटर. जायचं मन नव्हतं. बापू म्हणाला, "थावरानं तुझ्यापायी मार खाल्ला. चल." स्वतः घेऊन गेला, दोरीच्या बाहेर उभा राहिला. ओरडला नाही, त्याला ओरडता येत नाही. मीच मनात मामाचा आवाज लावून पळले. बसले वेळेत. ज्योतीही बसली.

४ मे

निवड झाली. दोघींचीही! सेनगावला नकार कळवला. बापूनं तांडाभर गूळ वाटला, रूपाबाईच्या दारात स्वतः जाऊन दिला, मूठभर जास्तच. याडी मामाच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसली. मी वर्दीत कशी दिसेन ते त्यानं आधीच सगळ्या तांड्याला सांगून ठेवलं होतं म्हणे.

९ मे

डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझी गोळी पूर्ण सुटली. तोंड बघून त्या खूश झाल्या, भरतीचं ऐकून पाठ थोपटली. म्हटलं आता खरं सांगून टाकावं, आता मामाला कोण पकडणार! सांगितलं — गोळ्या मामाच्या होत्या, त्याच्या गुडघ्यांच्या, कितीतरी वर्षं खात होता. आणि मामा गेल्या महिन्यात ऊन लागून गेला.

त्यांचा हात पाठीवरून निघाला. "त्यांनी कधी बंद केल्या?"

होळीनंतर, म्हटलं. एकदम. मीच जाळायला लावल्या.